जुन्या युद्धनौकेचं अचूक स्केल मॉडेल करायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी जहाज नेमकं कुठल्या वर्षातलं करताय ते ठरवा. बहुतेक चुका इथेच होतात, कारण या नौका कितीतरी वर्षं वापरात असायच्या आणि दर मोठ्या दुरुस्तीत काहीतरी बदलायचं. एचएमएस व्हिक्टरी ही ब्रिटिश युद्धनौकाच घ्या ना, पाण्यात उतरली १७६५ ला, तळाला तांब्याचे पत्रे लागले १७८० ला आणि ती जिच्यात लढली ती ट्रफाल्गरची समुद्री लढाई १८०५ ची, म्हणजे १७६५ चं मॉडेल करून खाली तांबं चिकटवलंत तर ते चूकच. रंगाचंही तसंच, सगळे तिचे पट्टे भडक पिवळे रंगवायचे, पण रंगाचे जुने थर तपासून २०१५ मध्ये जहाज परत रंगवलं तेव्हा ट्रफाल्गरच्या वेळचा रंग बराच फिका, गुलाबीकडे झुकणारा निघाला. मला तो जास्त आवडतो.

दुसरं म्हणजे दोर. इथे घाई अजिबात करू नका. १:१०० स्केलला अडीच सेंटीमीटर जाडीचा दोर पाव मिलिमीटरचा होतो, आणि किटमधला दोरा बरेचदा याहून जाड असतो, मग सगळं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. डोलकाठ्या धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले म्हणून काळपट, शिडं ओढायचे दोर फिकट, हा फरक दिसलाच पाहिजे. बांधण्याआधी दोरा मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढून घ्या, तंतू बसतात आणि गाठ सरकत नाही.

लाकूड बारीक रेषांचं घ्या, पेअरचं (नाशपतीचं) छान. सागाच्या रेषा या स्केलला फार मोठ्या दिसतात.