सही करण्याआधी कागद वाचून घे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

बाबांचं बारावं झालं की ‘वारसा लावायचाय, सही कर’ म्हणतील. वारसा जरूर लावू दे, पण कागद कुठला ते बघ. वारसा नोंदीचा अर्ज मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि जमिनीचा उतारा जोडून नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीत, जातो. तुला सब-रजिस्ट्रारकडे नेलं, फोटो काढला, अंगठा घेतला, तर तो वारसा नव्हे. हक्कसोडपत्र नाहीतर वाटणीपत्र समज. बेळगावात मसुदा कन्नडमध्ये असतो. तो आदल्या दिवशीच माग आणि कन्नड वाचणाऱ्या तिऱ्हाइताकडून शब्दन् शब्द वाचून घे. भावानं ठरवलेला लेखनिक त्यासाठी नको. कोऱ्या स्टॅम्पवर तर सही नाहीच.

वंशावळही नीट बघ. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगडला दिलेली बहीण तिथंच गाळली जाते. तुझं नाव नसेल तर तहसीलदारांकडे लेखी हरकत दे आणि पोच घे. उताऱ्यावर एकट्या भावाचं नाव चढलं तरी तुझा हक्क बुडत नाही. महसुली नोंदीनं मालकी ठरत नाही. तरी गप्प बसू नकोस, त्या नावावर कर्ज काढतात, जमीन विकतात.

‘लग्नात सोनं दिलं की’ हे ऐकावं लागेलच. त्यानं हिस्सा फिटत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 1994 च्या कर्नाटक दुरुस्तीनं आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. तो दाखला कुणी दिला तर त्याच कायद्याची 9 सप्टेंबर 2005 ची केंद्राची दुरुस्ती दाखव. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच मुलाइतकी हक्कदार. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. ‘वाटणी कधीच झालीय’ म्हणाले तर 20 डिसेंबर 2004 पूर्वीचं नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा माग. नुसत्या तोंडी वाटणीवर कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही.

आई, भाऊ आणि तू, एवढेच वारस असाल तर वडिलोपार्जित सहा एकरांत प्रत्येकी दोन एकर. आजी हयात असेल तर हिशेब बदलतो. बाबांच्या स्वकष्टाच्या मिळकतीचं मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर तिथंही सारखे वाटे.

दाव्याची वेळ आलीच तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. एकत्र कुटुंबाचे सगळे सर्व्हे नंबर आणि घर एकाच दाव्यात घाल. अर्धवट वाटणीचा दावा तिथंच अडकतो. चंदगडकडची जमीनही त्यातच घालता येते, फक्त तिचा सातबारा तिकडच्या तलाठ्याकडून वेगळा काढावा लागेल.