धरणातला मोठा मासा माणसाला धरतो का?

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. लांब पल्ल्याच्या पोहण्याच्या स्पर्धेसाठी ती रामटेकजवळच्या खिंडसी तलावात सराव करते. शेजारचे काका सांगतात, की एका धरणाच्या भिंतीपाशी उतरलेल्या पाणबुड्याला माणसाएवढा मासा दिसला आणि तो पुन्हा पाण्यात गेलाच नाही. हे ऐकल्यापासून आजी तिला जाऊ देत नाही. खरंच असा धोका असतो का?
— एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. ही गोष्ट मला दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी सांगायचंच. धरण तेवढं बदलायचं. कधी तोतलाडोह, कधी गोसीखुर्द. पाणबुड्या खोटं बोलला, असं मी म्हणणार नाही. डोळ्यांवरच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि जवळही वाटते. गढूळ अंधारात तीन फुटांचा मासा चार फुटांचा होऊन समोर आला, तर कुणीही घाबरेल.

आपल्या तलावांत मोठा वाढणारा मासा म्हणजे बहुतेकदा कतला. त्याच्या जबड्यात दात नसतात. पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा प्राणी तो, तुमच्या मुलीला काय करणार?

परदेशात चावल्याच्या घटना आहेत. जून २०२५ मध्ये जर्मनीतल्या ब्रोम्बाख तलावात सुमारे दोन मीटरच्या वेल्स कॅटफिशने पोहणाऱ्यांना चावे घेतले. जखमा किरकोळ होत्या, पण पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. मला त्या माशाचं फार वाईट वाटलं. विणीच्या दिवसांत या जातीचा नर अंड्यांची राखण करतो आणि जवळ येईल त्याला हुसकावतो. आपल्याकडे उत्तराखंड-नेपाळ सीमेवरच्या काली नदीतल्या गूंच या मोठ्या माशाने माणसं ओढून नेल्याच्या कथाही गाजल्या. सिद्ध एकही झाली नाही.

मला स्वतःला ज्या माशाने रडवलं, तो वीतभरच होता. भंडारा जिल्ह्यातल्या आजोळी, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, चिखलात हात घातला आणि शिंगीचा काटा बसला. मी नऊ वर्षांची होते. हात कोपरापर्यंत ठणकत होता. मामीने सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो बुडवून ठेवला, तेव्हा कुठे कळ उतरली. काट्यातलं विष उष्णतेने निकामी होतं, हे मला पुढे कॉलेजात कळलं. म्हणून काठाच्या चिखलात मुलीने अनवाणी चालू नये.

पण माझ्या मनातली खरी भीती वेगळी आहे. कन्हानकाठच्या एका म्हाताऱ्या ढीवरबाबांना मी एकदा तुमचाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "मासा नाही धरत बाई माणसाले, जाळं धरते." पाण्यात राहून गेलेलं नायलॉनचं जाळं दिसत नाही, कुजत नाही, आणि पाय अडकला की झटक्यागणिक आवळत जातं. दाट पाणवनस्पतीही तशाच. शिवाय कालव्याचा दरवाजा उघडा असेल, तर वर पाणी शांत दिसतं आणि खाली ओढ असते. त्या बाजूला तिने अजिबात जाऊ नये.

आजींना हे वाचून दाखवा. जाळी कुठे लावली आहेत, ते तिथल्या मासेमारांना रोज विचारा. मुलीच्या कमरेला भडक रंगाचा तरंगणारा फुगा बांधा आणि शेजारून डोंगा चालू द्या. डोंग्यात कोण असतं, त्याला पोहता येतं का, हे मला उलटटपाली जरूर कळवा.