एक रीडिंग भलतंच आलंय, काढून टाकू का?

प्रश्न: सर, मी सोलापूरला बीएस्सीला आहे, चादरी धुतल्यावर पाण्यात किती रंग उतरतो ते कलरीमीटरवर मोजतोय. पाचातलं एक रीडिंग फारच जास्त येतंय. मित्र म्हणतो खोड की, कोण बघतंय?

उत्तर: खोडू नकोस बाबा! कारण सापडलं, समजा त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती अन् बोअरचं जड पाणी वापरलं, तर तसं वहीत लिही, मग ते बाजूला ठेवता येतं, पण नुसतं 'जुळत नाही' हे काही कारण नव्हे. इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले, त्यांचंच बघ ना, हवेतून काढलेला नायट्रोजन भरला लिटरला १.२५७ ग्रॅम अन् रासायनिक संयुगांपासून बनवलेला १.२५१, फरक जेमतेम अर्धा टक्का, दुसरा कोणी सरासरी काढून मोकळा झाला असता! रॅले मात्र मागेच लागले, जोडीला रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे आले, अन् १८९४ मध्ये हवेतल्या त्या नायट्रोजनमध्ये मिसळलेला जड असा नवा वायू, आरगॉन, सापडला. १९०४ ला दोघांनाही नोबेल, रॅलेंना फिजिक्सचं, रॅम्झेंना केमिस्ट्रीचं. तुझ्या चादरीतून नवीन वायू निघेल असं नाही म्हणत मी, बहुतेक क्युव्हेटला, म्हणजे कलरीमीटरमध्ये पाणी भरून ठेवतोस त्या छोट्या पारदर्शक नळीला, बोटांचे ठसे असतील. पुसून परत रीडिंग घे, जुनंही तक्त्यात राहू दे.