सुपारीच्या पिशवीतून आलेली वेल राईवर चढली

प्रश्न (दोडामार्ग): तीन वर्षांपूर्वी केरळातून सुपारीची रोपं आणली, त्यांच्या पिशव्यांत एक वेल होती. आता ती व्हाळ (ओढा) ओलांडून देवाच्या राईत, पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर चढली आहे. तणनाशक मारावं की वेल चढलेली झाडंच तोडावीत?

उत्तर: झाडाला हात लावू नका. ही वेल उन्हाची भुकेली. दाट सावलीत ती रखडते आणि एक झाड पडलं की त्या उजेडात फोफावते. शिवाय पाण्यात उभी झाडं म्हणजे तुमची राई हेवाळे-बांबर्ड्याच्या कान्हळाच्या राईसारखी जायफळ कुळातली पाणथळ राई असावी, आणि अशा राया आपल्या राज्यात अगदी मोजक्याच.

फोटोत पानं बदामी, दातेरी कडांची आणि पेऱ्यावर समोरासमोर आहेत. गुळवेलीची पानंही बदामीच, पण एकाआड एक. त्यामुळे ही मिकानिया वाटते. मूळची अमेरिकेतली ही वेल केरळातल्या बागायतदारांना आणि आसामातल्या चहामळ्यांना पुरती जेरीस आणते. तिला आवरायला तिच्यावरचा तांबेरा (वेलीला रोग आणणारी बुरशी) २००५-०६ मध्ये या दोन्ही राज्यांत सोडून पाहिला, पण तो टिकला नाही. म्हणजे कोयता आणि हात, एवढंच आपल्याकडे आहे.

गणपतीच्या सुमारास पाऊस उघडला की, पांढऱ्या फुलांचे झुबके येण्याआधी, कामाला लागा. बी केसाळ असतं, वाऱ्यावर उडतं. मानकऱ्यांना आणि वनखात्याला विचारून मगच राईत शिरा. वेल जमिनीलगत आणि कमरेच्या उंचीवर तोडा. वरचं जाळं ओढू नका, लोंबत सुकू द्या. खालची मुळं हातानं उपटा, कुदळ नको; या झाडांची गुडघ्यासारखी वर आलेली मुळं श्वासासाठी असतात, ती दुखावतात. पेऱ्यापेऱ्याला मूळ फुटतं, म्हणून एकही तुकडा व्हाळात पडू देऊ नका, नाहीतर खालच्या वाडीला फुकटची भेट! ओली वेल सुपारीच्या आळ्यात आच्छादनाला तर नकोच. गोणीत भरून कातळावर कडकडीत वाळवा. तीन आठवड्यांनी परत फेरी मारा आणि पुढच्या मिरगालाही.

तणनाशक व्हाळाकाठी नाहीच. ग्लायफोसेट तर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर फक्त कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच वापरायचं आहे, दुकानदार काहीही म्हणो.

पुढच्या वेळी रोपांआधी रोपवाटिकेचं कुंपण बघा. त्यावर ही वेल असेल, तर रोपं तिथेच राहू द्या.