किंमत साडेपाच लाखांची, देखभाल अठरा लाखांच्या गाडीची

नाशिकच्या एका वाचकांनी जुनी टर्बो सेडान घेण्याविषयी सल्ला विचारला आहे. ते अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून त्यांच्या हातात महिन्याला ₹९२,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ₹२४,००० आणि गाडी सोडून घरखर्च ₹४२,००० आहे. आठवीतल्या मुलीच्या शिक्षणासाठी ते ₹१२,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) भरतात आणि अडीअडचणीसाठी त्यांनी ₹३.२० लाख मुदत ठेवीत ठेवले आहेत. मार्च २०१५ मध्ये नोंदणी झालेली, ९४,००० किलोमीटर चाललेली, दोन मालकांकडून आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय ऑटोमॅटिक त्यांना ₹५.६० लाखांत मिळते आहे. ₹१.६० लाख ठेवीतून काढायचे, उरलेले ₹४ लाख एका वित्तसंस्थेकडून १६ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घ्यायचे, तोवर एसआयपी थांबवायची आणि घरची वॅगन आर धाकट्या भावाला द्यायची, असा त्यांचा बेत आहे. एजंटला ₹१०,००० टोकनही देऊन झाले आहे.

आपण पत्रात लिहिले आहे की, आईचे गुडघे दुखत असल्यामुळे तिला मागे ऐसपैस बसता यावे, कसारा घाटात गाडी दमू नये आणि मुले सुरक्षित असावीत. या तिन्ही अपेक्षा रास्त आहेत आणि ही गाडी त्या पुऱ्याही करू शकते. १८० अश्वशक्तीचे इंजिन, प्रशस्त डिकी, शिवाय याच पिढीच्या युरोपीय गाडीला २०१३ मध्ये युरो एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत मिळालेले पाच तारे, हे सगळे खरे आहे. ही गाडी आपल्याच छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा येथील कारखान्यात जुळवली जात असे, त्यामुळे आपल्या भागात तिच्याविषयी आपलेपणा आहे, तोही मी समजू शकतो. तरीही आपण मांडलेल्या पद्धतीने ही गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी असताना अठरा लाखांच्या घरात जाणारी गाडी आज साडेपाच लाखांना मिळते, तेव्हा उरलेले साडेबारा लाख बाजाराने आपल्याला बक्षीस दिलेले नसतात. पुढच्या दुरुस्त्यांचा धोका विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो आणि त्या धोक्यापोटी किंमत उतरलेली असते. गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. टर्बोचार्जर, गिअरबॉक्स चालवणारे मेकाट्रॉनिक युनिट किंवा एअरबॅगचे मॉड्यूल यांचे बिल गाडीच्या आजच्या किमतीकडे पाहून येत नाही, ते अठरा लाखांच्या गाडीचेच येते.

या गाडीच्या यंत्रणेत दोन गोष्टी पैशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट टर्बोची. एक्झॉस्टच्या तापलेल्या वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा हा छोटा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला आधार असतो तो केवळ इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. आधीच्या मालकाने ऑइल बदलायला वर्षभर उशीर केला असेल, तर त्याचे वाचलेले सात-आठ हजार रुपये पुढच्या मालकाला कित्येक पटींनी भरावे लागतात. दुसरी गोष्ट सात गिअरच्या डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. त्यात कोरडे (तेलात न बुडलेले) क्लच असतात आणि त्यांची पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटरच्या आसपास आहे. हे इंजिन नेमका तेवढाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, म्हणजे गिअरबॉक्सला हाताशी मोकळीक अशी उरतच नाही. त्यात द्वारका चौकासारख्या ठिकाणी एप्रिलच्या उन्हात गाडी इंचाइंचाने पुढे न्यावी लागली, की क्लच तापतात. डीएसजीच्या तक्रारींमुळे चीनमध्ये २०१३ साली फोक्सवॅगन समूहाला ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. सगळ्याच गाड्यांचे गिअरबॉक्स बिघडतात असे मुळीच नाही. मात्र आपल्याला मिळणारी गाडी कोणत्या गटातली आहे, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी अशीच एक टर्बो सेडान (कंपनी वेगळी होती) कर्ज काढून घेतली होती. पुढच्या वर्षी ते कागदपत्रे घेऊन आले, तेव्हा बिलांची निळी फाइल त्यांनी टेबलावर ठेवली. वरचे बिल टर्बोचे होते आणि त्याखाली कूलंट गळतीची दोन बिले होती. शेवटच्या पानाला पिनेने टोचलेली सोनेतारणाची पावती होती. त्या ताई काहीच बोलल्या नाहीत, फक्त पावतीची दुमडलेली कड बोटाने सरळ करत राहिल्या. आपले पत्र वाचताना मला ती पावती आठवली आणि म्हणूनच हे उत्तर थोडे कळकळीने लिहितो आहे.

आता आपले आकडे पाहू. ₹४ लाखांवर १६ टक्के दराने ४८ महिन्यांचा हप्ता सुमारे ₹११,३३६ बसतो आणि त्यात व्याजच ₹१.४४ लाखांचे जाते. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि शहर-महामार्ग मिळून लिटरला १० किलोमीटर धरले, तर ₹१०४ दराने पेट्रोलचे ₹१,२४,८०० होतात. २०१५ ची गाडी ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली नाही, त्यामुळे याहून जास्त मायलेज मी धरणार नाही. इंजिन १५०० सीसीच्या वरचे असल्याने २०२२ च्या दरपत्रकानुसार केवळ थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) विम्याचा हप्ता ₹७,८९७ आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आणि जीएसटी धरून तो ₹१८,८०० च्या आसपास जाईल. सर्व्हिसिंग आणि टायर यांसाठी सरासरी ₹३०,००० आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वर्षाला ₹५०,००० बाजूला टाकायचे ठरवले, तर एकूण खर्च वर्षाला ₹३.६० लाख, म्हणजे महिन्याला जवळपास ₹३०,००० होतो.

गृहकर्ज ₹२४,०००, घरखर्च ₹४२,००० आणि गाडी ₹३०,००० यांची बेरीज ₹९६,००० होते. एसआयपी पूर्ण बंद करूनही दरमहा ₹४,००० कमी पडतात. दुरुस्तीची राखीव रक्कम आपण धाडसाने वगळली, तरी महिनाअखेर दोनशे रुपयेही उरत नाहीत. त्याच वेळी ठेव निम्म्यावर येते आणि उरलेल्या ₹१.६० लाखांत हप्ता आणि घरखर्च मिळून अडीच महिनेही निघत नाहीत.

एसआयपी थांबवण्याबद्दल आपण “फक्त चार वर्षे” असे लिहिले आहे. आपली मुलगी आठवीत आहे, म्हणजे तिच्या बाबतीत हीच चार वर्षे हाताशी आहेत. दरमहा ₹१२,००० दराने आपण ₹५.७६ लाख भराल आणि १० टक्के परतावा गृहीत धरला, तर बारावीनंतर तिच्या नावावर सात लाख उभे असतील. गाडीचे मात्र उलटे आहे. कर्जाचा शेवटचा हप्ता आणि मार्च २०३० मध्ये संपणारी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी जवळजवळ एकाच वेळी येतील. पुढे फिटनेस तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरून गाडी वापरता येते, पण त्या वेळी तिला गिऱ्हाईक मिळणे कठीण असते. बऱ्याच बँका इतक्या जुन्या गाडीला इतक्या मुदतीचे कर्ज देत नाहीत, त्याचेही कारण हेच आहे.

विम्याबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गाडीला “फुल इन्शुरन्स” आहे, असे एजंट सांगतो. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या दाव्यात धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवरही तितकाच, आणि या वयाच्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारे जादा संरक्षण) सहसा मिळत नाही. यंत्रातला अंतर्गत बिघाड तर साध्या मोटार विम्यात बसतच नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) आपल्याला मिळणार नाही आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी विमा कंपनीकडे १४ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो.

माझा सल्ला असा आहे की, वॅगन आर आणखी दोन वर्षे आपल्याकडेच ठेवावी; भावाला ती नंतर देता येईल किंवा त्याने रास्त किंमत देऊन घ्यावी. तिचा सगळा खर्च जाऊन आज आपल्याकडे महिन्याला पाच-साडेपाच हजार उरतात. ते गाडीच्या नावाने वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकावे आणि वार्षिक इन्सेन्टिव्हचे जे ₹१.१० लाख आपण पत्राच्या शेवटी ओझरते सांगितले आहेत, तेही त्यातच घालावे. दोन वर्षांत साडेतीन लाख जमतात आणि जुन्या गाडीचे पैसे मिळवून पाचच्या आसपास पोहोचता येते. तेवढ्यात होंडा सिटी किंवा मारुती सियाझसारखी साध्या, विनाटर्बो पेट्रोल इंजिनाची मॅन्युअल सेडान रोखीने पाहता येईल. तीत आईंना पाय पसरून बसता येईल आणि गावोगावच्या गॅरेजमध्ये तिचे काम होईल. इंजिन १५०० सीसीच्या आत असल्याने थर्ड पार्टीचा हप्ताही ₹३,४१६ वर येतो.

मन ऑक्टाव्हियावरच बसले असेल, तर तेव्हा १.४ टीएसआय मॅन्युअल शोधावी, कारण तिच्यात गिअरबॉक्सचा मोठा धोका टळतो. गाडी मात्र कर्जाशिवाय घ्यावी आणि तिच्यासाठी दीड ते दोन लाख वेगळे ठेवूनच घ्यावी. पाहायला जाताना सकाळी लवकर जावे आणि आधी बॉनेटवर हात ठेवावा. बॉनेट गरम लागले, तर गाडी आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवली होती असे समजावे, कारण थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर लपवता येत नाही. ऑइल भरण्याचे झाकण उघडून आतली बाजू पाहावी. काळा, चिकट थर साचलेला दिसला तर पुढे बोलणी करू नयेत. चॅसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद काढून घ्यावी, गाडी लिफ्टवर चढवून कूलंटची गळती पाहावी आणि स्कॅनर लावून इंजिन, एअरबॅग आणि असल्यास डीएसजीचे दोष वाचून घ्यावेत. यासाठी होणारा दोन-तीन हजारांचा खर्च कधीच वाया जात नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय आणि कर्जाचा बोजा असल्यास तो आरसीवरून (नोंदणी प्रमाणपत्रावरून) उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

राहिला प्रश्न टोकनचा. “दोन दिवसांत निर्णय द्या, भाव वाढणार आहेत” या एजंटच्या म्हणण्याला घाबरण्याचे कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोटारींवरील करच कमी झाला आहे आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचे भाव चढत नाहीत. आजच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने, लेखी स्वरूपात, व्यवहार करत नसल्याचे कळवून पैसे परत मागावेत. त्याने ते दिले नाहीत, तरी बुडालेले ₹१०,००० हे या कर्जाच्या पहिल्या हप्त्यापेक्षाही कमी आहेत.