देशाचा कोड, लहरींचे कायदे आणि आपली बिनतारी यंत्रे

वाचकांचे प्रश्न

या वेळी खानदेशातून आलेली बरीचशी पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरणारी आहेत. राउटर, लॅपटॉप किंवा शेतातील सेन्सर यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘देश निवडा’ अशी जी एक जागा असते, तिचे नेमके काम काय, आणि ती चुकीची भरली तर काय होते, असे या वाचकांनी विचारले आहे.

प्रश्न : पुतण्याने अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप आमच्या घरच्या वाय-फायला काही दिवस व्यवस्थित जोडला जातो आणि मग अचानक त्याला आमचे नेटवर्क दिसेनासेच होते. त्याच वेळी घरातील सर्व मोबाइलना ते दिसत असते. लॅपटॉपमध्ये बिघाड आहे असे समजावे काय?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : बिघाड नसावा. आपल्या राउटरवर चॅनेल निवडण्याचे काम ‘ऑटो’वर असेल, तर तो गर्दी पाहून अधूनमधून १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर जात असणार. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झालेला आहे, त्यामुळे २४१२ मेगाहर्ट्झवरच्या पहिल्या चॅनेलपासून २४७२ वरच्या तेराव्यापर्यंत सर्व चॅनेल येथे वापरता येतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यंत्रांत मात्र साधारणपणे पहिली अकराच चॅनेल खुली ठेवलेली असतात. तेथील कायद्याने बारावे व तेरावे चॅनेल सरळ बंद केलेले नाही, पण पट्ट्याच्या कडेला लागूनच बाहेर जाणारे उत्सर्जन इतके कमी ठेवावे लागते की उत्पादक त्या वाटेला जात नाहीत. जपानमध्ये २४८४ मेगाहर्ट्झवर चौदावे चॅनेलही आहे, पण ते केवळ जुन्या ‘८०२.११ बी’ पद्धतीपुरते. लॅपटॉपच्या कार्डात कारखान्यातच अमेरिकेचा कोड नोंदलेला असल्याने ते तेराव्या चॅनेलवर ऐकतसुद्धा नाही. राउटरवर १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल कायमचे ठरवून द्यावे, म्हणजे प्रश्न सुटेल.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतानाही आपण कोणत्या देशात आहोत हे त्याला कसे कळते? आणि आपण हाताने देश बदलला तर यंत्र ते ऐकते का?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचे उदाहरण घेऊन सांगतो, कारण तेथील सर्व व्यवस्था कोणालाही उघडून पाहता येते. लिनक्सच्या गाभ्यात ‘सीएफजी८०२११’ नावाचा एक भाग आहे आणि कोणत्या देशात कोणता पट्टा, किती रुंदीचे चॅनेल, किती कमाल शक्ती आणि कोणत्या अटी, हे त्याला एका कोष्टकातून कळते. हे कोष्टक गाभ्यापासून वेगळे ठेवलेले असते, कारण कायदे बदलतात तेव्हा संपूर्ण प्रणाली बदलण्याची गरज पडू नये. पूर्वी ‘क्रडा’ नावाचा एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम ते वाचून गाभ्याला देत असे, ४.१५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या आरंभापासून, गाभा ते स्वतःच वाचतो. वाचण्यापूर्वी त्यावरची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते, त्यामुळे कोणीही मधल्यामध्ये आकडे बदलून ठेवले असतील तर कोष्टक नाकारले जाते.

देश ठरवण्याचे मार्ग तीन : कार्डाच्या स्मृतीत उत्पादकाने नोंदलेला कोड, वापरणाऱ्याने दिलेला कोड, आणि आसपासचे राउटर आपल्या प्रत्येक घोषणा-संदेशात पाठवतात तो देशाचा कोड. यांपैकी काहीच हाती नसेल तर ‘शून्य शून्य’ असा जागतिक कोड धरला जातो. त्यात पहिली अकरा चॅनेल खुली असतात. बारावे, तेरावे आणि ५ गिगाहर्ट्झची चॅनेल केवळ ऐकण्यासाठी असतात, म्हणजे तेथे आपण होऊन पहिला संदेश प्रसारित करता येत नाही. अशा चॅनेलवर दुसऱ्या कोणाचा राउटर बोलताना ऐकू आला, तर त्या चॅनेलपुरते हे बंधन सैल होऊ शकते, कारण तेथे तो आधीच प्रसारण करतो आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. कार्डात स्वतःचा कोड असेल आणि आपण दुसरा दिला, तर लिनक्स दोन्हींचा सामाईक भाग काढते. जे दोन्हींकडे चालते तेवढेच उरते, त्यामुळे हाताने देश बदलून मर्यादा आणखी घट्ट होते, सैल होत नाही. ही रचना मला योग्य वाटते; प्रवासात असलेल्या माणसाच्या यंत्राने कमी बोललेले परवडते. इंटेलच्या अलीकडच्या कार्डांत तर हा निर्णय प्रणालीकडे नसून कार्डाच्या फर्मवेअरकडेच, म्हणजे यंत्रातच भरलेल्या सॉफ्टवेअरकडे, असतो. ते आसपासचे राउटर ऐकून देश ठरवते आणि आपल्या आज्ञेला दाद देत नाही. अशा लॅपटॉपवर ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट सुरू होत नाही अशी तक्रार विद्यार्थी नेहमी करतात, तिचे मूळ येथे आहे. आपल्या यंत्रात सध्या काय लागू आहे हे ‘आयडब्ल्यू रेग गेट’ या आज्ञेने दिसते. एक मात्र ध्यानात ठेवावे की हे कोष्टक म्हणजे राजपत्र नव्हे. स्वयंसेवक अधिसूचना वाचून ते भरतात, आणि राजपत्र व कोष्टक यांत अंतर पडले तर राजपत्रच खरे.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची बाग घरापासून साधारण दोन किलोमीटरवर आहे. जमिनीतील ओलावा घरबसल्या कळावा म्हणून ऑनलाइन मागवलेली लोरा (कमी शक्तीत दूरवर माहिती पाठवणारी बिनतारी पद्धत) मॉड्यूल बसवली. त्यांवर ९१५ असे छापले आहे. माहिती नियमित येते, तरीही गावातील एक जाणकार मुलगा ती बंद करा म्हणतो. चालणारी वस्तू बंद का करावी?
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : मुलाचे म्हणणे बरोबर आहे. ९१५ हा आकडा अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ या खुल्या पट्ट्याचा आहे. भारतात तो पट्टा खुला नाही, आणि तो नुसता रिकामा पडलेलाही नाही. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा भाग मोबाइल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांसाठी आहे. अमेरिकी लोराच्या नियमावलीत सेन्सरकडून जाणारे संदेश ९०२.३ ते ९१४.९ मेगाहर्ट्झ यांदरम्यानच्या चौसष्ट चॅनेलवर असतात. म्हणजे आपला सेन्सर नेमका त्याच जागी बोलतो जेथे टॉवर कान लावून बसलेला असतो. शिवारातील फोनचा संदेश टॉवरपर्यंत पोहोचेतो अत्यंत क्षीण झालेला असतो, आणि टॉवर जवळ असेल तर आपल्या मॉड्यूलचा संदेश त्याच्यावर मात करू शकतो. आपल्याला यातले काहीच दिसणार नाही, कारण आपली माहिती तर घरी नीट पोहोचतेच आहे. त्रास होईल तो शेजारच्या मळ्यातून फोन लावणाऱ्याला.

भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि २०२१ च्या नियमांनी त्याची वरची मर्यादा ८६८ पर्यंत नेली. त्यात प्रेषकाची शक्ती १ वॅटपर्यंत ठेवता येते. लोरा यंत्रांच्या जाळ्यासाठीच्या ‘लोरावॅन’ नियमावलीत यासाठी ‘इन८६५’ नावाचा प्रदेश आहे आणि त्याची ठरलेली तीन चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ व ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. मॉड्यूलच्या प्रोग्रॅममध्ये व घरच्या गेटवेमध्ये, म्हणजे सेन्सरचे संदेश घेणाऱ्या यंत्रात, दोन्हीकडे हाच प्रदेश निवडलेला असला पाहिजे. एकीकडे बदलून दुसरीकडे राहिला तर दोघे एकमेकांना ऐकणार नाहीत.

आपल्या हातातील मॉड्यूलचे काय करावे, हा खरा खर्चाचा प्रश्न आहे. लोराच्या चिपला स्वतःला देशाचे भान नसते. एसएक्स१२६२ ही चिप १५० ते ९६० मेगाहर्ट्झपर्यंत कोठेही लावता येते, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये आकडा बदलला की आपले ९१५ चे मॉड्यूलही ८६५ वर बोलू लागेल. पण चिप आणि अँटेना यांच्यामधले जुळणीचे घटक ९१५ साठी निवडलेले असतात, अँटेनाही त्याच लांबीची असते, त्यामुळे शक्तीचा काही भाग वाया जातो. केळीच्या पानांत व खांबात पाणी भरपूर असते आणि दाट बाग लहरी पुष्कळ शोषून घेते, तेव्हा दोन किलोमीटरच्या जोडणीत हे नुकसान जाणवेल. अँटेना तरी ८६५ ची घ्यावी. नवी मॉड्यूल घ्यायची झाल्यास ८६८ असे छापलेली चालतात, कारण ती युरोपच्या ८६३ ते ८७० या पट्ट्यासाठी जुळवलेली असतात. मात्र त्यांच्या प्रोग्रॅममधील युरोपचा प्रदेश तसाच राहू देऊ नये. युरोपची ठरलेली चॅनेल ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ वर आहेत, म्हणजे आपल्या मर्यादेच्या जेमतेम बाहेर. यंत्र योग्य आणि सॉफ्टवेअर परक्या देशाचे, असा हा प्रकार बाजारात सर्रास होतो, कारण विक्रेता खोक्यावरच्या आकड्यापलीकडे काही पाहत नाही.

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांकडे आम्ही ५ गिगाहर्ट्झच्या डिश लावून जोडणी दिली आहे. काही वेळा ती अचानक तुटते आणि मिनिटभराने परत येते. शिवाय एक जुनी २.४ गिगाहर्ट्झची जोडणी कमकुवत आहे. बसवणारा म्हणतो की देश बदलून दुसरा टाकला की पॉवर वाढते. तसे करावे काय?
— एक व्यावसायिक, शहादा

उत्तर : जोडणी तुटण्याचे कारण बहुधा रडार ओळखण्याची अट हे असावे. ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या चॅनेलवर हवामानाची व इतर रडारे काम करतात, म्हणून तेथे वाय-फायला दुय्यम भाडेकरूसारखे राहावे लागते. ज्या चॅनेलपुढे ‘डीएफएस’ अशी खूण असते तेथे यंत्राने आधी एक मिनिट केवळ ऐकायचे, रडारचे स्पंद आढळले तर दहा सेकंदांच्या आत चॅनेल सोडायचे आणि पुढची तीस मिनिटे तेथे परतायचे नाही. युरोपात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ या हवामान रडारांच्या भागात तर आधीचे ऐकणे दहा मिनिटांचे आहे, म्हणून तिकडचा कोड असलेला राउटर सुरू व्हायला उशीर लावतो. ही अट नुसती कागदोपत्री नाही. अमेरिकेच्या अखत्यारीतील प्वेर्तो रिकोमध्ये सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारला अशाच बाहेर लावलेल्या जोडण्यांचा त्रास झाला होता. रडारच्या पडद्यावर जोडणीच्या दिशेने एक लांब पट्टा उमटतो आणि त्याच्याआड खरा पाऊस दिसत नाही.

प्रत्यक्षात रडार नसतानाही गोंगाटाला रडार समजण्याची चूक यंत्रे करतात. यावर उपाय म्हणजे १४९ ते १६५ ही वरची चॅनेल वापरणे. भारतात ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा भाग २०१८ च्या नियमांनुसार खुला आहे आणि तेथे सहसा ही अट आड येत नाही. देश बदलून रडारची अट टाळणे मात्र सरळ नियमभंग आहे.

पॉवरविषयी थोडे गणित करू. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतातील मर्यादा प्रेषकाला १ वॅट आणि अँटेनाची वाढ धरून ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम (शक्तीचे डेसिबलमधले माप), अशी आहे. आपली डिश २४ डेसिबलची असेल तर ३६ मधून २४ वजा जाऊन प्रेषकाला १२ डीबीएमच उरतात, म्हणजे साधारण १६ मिलिवॅट. हे सॉफ्टवेअर आपण होऊन करते, पण अँटेनाचा आकडा त्याला आपणच सांगावा लागतो. बसवणारे ती चौकट शून्यावर सोडतात, आणि मग देश भारत असूनही जोडणी मर्यादेच्या कितीतरी बाहेर जाते. दुसरीकडे, आकडा चढवून लाभही फारसा होत नाही. प्रेषकाचा वर्धक त्याच्या क्षमतेपलीकडे ताणला की संदेश विकृत होतो आणि वेग घटतो. समोरच्या टोकाचे उत्तर तर जेवढे क्षीण होते तेवढेच राहते. डिशच्या रेषेत झाड किंवा टेकाड येत नाही ना, हे पाहण्यात वेळ घालवावा. उंचीलाही मर्यादा आहे : २००५ च्या नियमांत अँटेना अधिकृत इमारतीच्या छपरापासून ५ मीटरपर्यंतच सांगितली आहे. आणि ओघात सांगायचे तर, पट्टा परवानामुक्त असला म्हणजे इंटरनेट विकण्याचा व्यवसाय परवानामुक्त होत नाही. त्यासाठी दूरसंचार विभागाची वेगळी परवानगी लागते.

प्रश्न : जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकणे बेकायदा आहे काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : नुसते टाकणे नव्हे, ते टाकून परवानगीबाहेर प्रसारण करणे बेकायदा आहे. हा वाद अमेरिकेत चांगलाच रंगला होता. तेथील एफसीसी या नियामक संस्थेने ५ गिगाहर्ट्झच्या यंत्रांतील रेडिओचे सॉफ्टवेअर कोणालाही बदलता येऊ नये असे सांगितल्यावर, उत्पादक सोपा मार्ग म्हणून संपूर्ण फर्मवेअरलाच कुलूप लावतील अशी भीती निर्माण झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये संस्थेने मुक्त सॉफ्टवेअरवर बंदी घालण्याचा हेतू नसल्याचे स्पष्ट केले. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंक कंपनीने, तिच्या काही राउटरवर देश बदलून २.४ गिगाहर्ट्झमध्ये मर्यादेपेक्षा अधिक शक्ती वापरता येत होती या प्रकरणी, दोन लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. त्याच समझोत्यात बाहेरचे फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने काम करण्याचेही तिने कबूल केले. युरोपच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशातही सॉफ्टवेअर व रेडिओ यांचा मेळ नियमानुसार असल्याची खात्री करण्याचे कलम आहे. माझ्या मते कुलूप शक्तीच्या व वारंवारतेच्या कोष्टकापुरते असावे. बाकीचे फर्मवेअर मोकळे राहिले नाही, तर कंपनीने सुरक्षा-दुरुस्त्या थांबवलेले चांगले राउटर भंगारात जातील. ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर पहिले काम म्हणून देशाच्या चौकटीत ‘आयएन’ भरावे.

प्रश्न : दुबईहून ६ गिगाहर्ट्झचा राउटर आणावा काय?
— एक वाचक, धुळे

उत्तर : केवळ त्या पट्ट्यासाठी आणू नये. अमेरिकेने २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ हा पूर्ण भाग खुला केला, पण प्रत्येक देशाने आपापला निर्णय वेगळा घेतला आहे. भारतात खालच्या ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झपुरते मसुदा नियम मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अंतिम अधिसूचना दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर वाचूनच खरेदी ठरवावी, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्राला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या लहरी-नियोजन शाखेची प्रकार-मान्यता आहे का हेही विक्रेत्याला विचारावे. परदेशात घेतलेल्या राउटरमध्ये देशाचा कोड बऱ्याचदा बदलताच येत नाही.