चार सर्व्हरवर कंटेनर चालवायला कुबर्नेटिसच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की चार व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) आहेत, प्रत्येकावर डॉकर कंपोजची (काय काय कसं चालवायचं ते लिहिलेली) वेगळी फाईल आहे, आणि एखादा सर्व्हर बसला की रात्री उठून त्यावरचे कंटेनर (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पाकिटं) तुम्हीच दुसरीकडे चालू करता. मीही दोन वर्षं हेच केलंय.

नाही, कुबर्नेटिसच (अनेक सर्व्हरवर कंटेनर वाटून सांभाळणारं टूल) लागतं असं नाही. पण टूल निवडायच्या आधी एक गोष्ट बघा: तुमचा डेटा नेमका कोणत्या सर्व्हरच्या डिस्कवर आहे?

मी पहिल्यांदा एका छोट्या क्लायंटकडे तीन सर्व्हरवर स्वॉर्म, म्हणजे याच कामाचं डॉकरचं टूल, लावलं. २०१६ च्या १.१२ व्हर्जनपासून ते डॉकरमध्येच येतं. एकावर 'डॉकर स्वॉर्म इनिट' मारायचं, त्याने दिलेली जॉइनची ओळ बाकीच्यांवर पेस्ट करायची. कंपोज फाईल थोड्याफार बदलांनी चालून जाते. चहाच्या आधी सगळं उभं!

काही आठवड्यांनी दोन नंबरचा सर्व्हर बंद पडला. स्वॉर्मने आपलं काम चोख केलं, तिथला पोस्टग्रेस डेटाबेस तीन नंबरवर चालू केला. फक्त व्हॉल्यूम, म्हणजे डेटा ठेवायची जागा, लोकल होतं, त्याच सर्व्हरच्या डिस्कवर. त्या नावाचं व्हॉल्यूम तीन नंबरवर नव्हतंच, म्हणून त्याने नवं कोरं बनवलं. अ‍ॅपने चालू होताना टेबलंही बनवून टाकली, त्यामुळे एररसुद्धा नाही. मॉनिटरिंग हिरवंगार, आणि क्लायंटचा फोन: "साहेब, सगळ्या ऑर्डरी गेल्या." गेल्या नव्हत्या, दोन नंबरच्या डिस्कवर सुखरूप होत्या. पण मधल्या वेळात नव्या डेटाबेसमध्ये शिरलेल्या नोंदी हाताने जुन्यात घालता घालता पहाट झाली.

चूक माझीच. प्लेसमेंट कन्स्ट्रेंट लिहून डेटाबेस एका नोडला (सर्व्हरला) बांधायला हवा होता. आता तर मी डेटाबेस क्लस्टरमध्ये (अशा जोडलेल्या सर्व्हरच्या गटात) ठेवतच नाही. चारपैकी एक सर्व्हर त्याला द्या, बाकीच्या तिघांवर काय नाचायचं ते नाचू दे.

के३एसमध्ये हाच प्रसंग वेगळा घडला असता. ते कुबर्नेटिसच आहे, पण एका बायनरीत बांधलेलं. बाहेरून आलेल्या रिक्वेस्ट योग्य कंटेनरकडे वळवणारं ट्रॅफिक (Traefik) आणि लोकल स्टोरेजची सोय सोबतच येते. तिथलं लोकल व्हॉल्यूम नोडला जखडलेलं असतं, त्यामुळे नोड गेला की पॉड (कुबर्नेटिसमधला कंटेनरचा गट) 'पेंडिंग' म्हणत बसून राहतो. साइट बंद पडते, पण रिकामा डेटाबेस खरा म्हणून मिरवत नाही. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

मग घ्यायचं काय? एकटेच सांभाळणार असाल आणि कंपोज हाताशी बसलं असेल तर स्वॉर्म. ते मेलं असं सगळे सांगतात. मेला तो त्याच नावाचा आधीचा स्वतंत्र प्रकल्प, डॉकरमधलं चालू आहे. उद्या माणूस ठेवायचा असेल तर के३एस, कारण कुबर्नेटिस येणारी माणसं मिळतात. नोमॅड हे हॅशिकॉर्पचं याच कामाचं टूल मला आवडतं, कंटेनरशिवाय साधी जार फाईलही (जावा प्रोग्राम) चालवतं, पण २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने लायसन्स बदललं, ते वाचून मगच घ्या.

काहीही घ्या, मॅनेजर (क्लस्टरचे निर्णय घेणारे नोड) दोन ठेवू नका. दोघांचं बहुमत म्हणजे दोघंही हवेत. एक गेला की दुसरा असून नसल्यासारखा. चालू कंटेनर चालत राहतात, पण नवं काही लावता येत नाही. डेटाबेस वेगळा काढल्यावर उरलेले तिन्ही मॅनेजर करा, कामंही त्यांच्यावरच चालतात.

आणि स्वॉर्म लावलंत, सगळे नोड 'रेडी' दिसतायत, पण एका सर्व्हरवरचा कंटेनर दुसऱ्यावरच्याशी बोलत नाही असं झालं, तर आधी फायरवॉल बघा. २३७७ हा पोर्ट सगळे उघडतात. ४७८९ यूडीपी विसरतात, आणि ७९४६ टीसीपी-यूडीपी दोन्ही लागतं.